मेन्सा, ई. टी.

मेन्सा, ई. टी. : (३१ मे १९१९–१९ जुलै १९९६). पश्चिम आफ्रिकेतील हायलाइफ या लोकप्रिय नृत्यसंगीताचा घानामधील अग्रगण्य प्रवर्तक. ट्रंपेट व सॅक्सोफोनवादक, गायक आणि वाद्यवृंदनायक. पूर्ण नाव इमॅन्युएल टेट्टी मेन्सा. ‘हायलाइफचा राजा’ ही उपाधी त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. तथापि हायलाइफ ही त्याने शोधून काढलेली चीज नव्हे. त्याच्या जन्मापूर्वीच तिची घडण सुरू झाली होती आणि आपण तिचे जनक असल्याचा दावा त्यानेही कधी केला नाही. विदेशी नृत्यप्रकार वाजविणाऱ्या अवजड वाद्यवृंदांच्या जागी छोटा, चपळ संच उभा करून एतद्देशीय लयीला त्याने सुशिक्षित नागर समाजाच्या नृत्यगृहात मानाचे स्थान मिळवून दिले आणि तेथून ते संगीत सबंध पश्चिम आफ्रिकेत नेले, हे त्याचे खरे कार्य होय.

हायलाइफची पूर्वपीठिका : आजचा घाना हा देश १९५७ पूर्वी गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत होती. तेथील किनारपट्टीच्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तीन भिन्न प्रवाहांतून नवे संगीत आकारास येत होते. लष्करी पितळी वाद्यवृंद हा पहिला प्रवाह होय. केप कोस्ट येथील ब्रिटिश ठाण्यात वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णीय सैनिक ठेवले जात. कवायतीनंतरच्या मोकळ्या वेळात ते आपल्याकडील गीते वाजवीत. ती ऐकून स्थानिक वादकांनी पितळी वाद्यांवर आपल्या लयी वाजविण्यास सुरुवात केली. त्यातून ‘अडाहा’ हा प्रकार निघाला. दुसरा प्रवाह गिटारचा. लायबीरियाच्या किनाऱ्यावरील क्रू जमातीचे खलाशी अंगठा व तर्जनी यांनी गिटार छेडण्याची एक पद्धत बंदरोबंदरी घेऊन गेले आणि ताडीच्या गुत्त्यांतून ‘पामवाइन’ या नावाने ओळखले जाणारे गिटारसंगीत रुजले. कुमासी ट्रिओ या त्रयीने १९२८ मध्ये लंडन येथे ध्वनिमुद्रित केलेले ‘या आंपोन्सा’ हे गीत या परंपरेतील मूलभूत रचना मानली जाते. तिसरा प्रवाह उच्चभ्रूंच्या नृत्यवृंदांचा. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचणारे अनेक वादक असलेले हे मोठे वाद्यवृंद वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप इ. यूरोपीय नृत्यप्रकार वाजवीत. मधूनमधून ते रस्त्यावरील एखादे लोकप्रिय गीतही स्वरलिपीत बांधून सादर करीत.

‘हायलाइफ’ हे नाव या तिसऱ्या प्रवाहातून आले. मेन्साचा वडील बंधू येबुआ मेन्सा याने त्याची उपपत्ती सांगितली आहे. तीनुसार १९२०–३० या दशकात आक्रा शहरातील रॉजर क्लबसारख्या ठिकाणी नृत्याला येणारी जोडपी संपूर्ण सायंपोशाखात येत. प्रवेशशुल्कही सामान्य माणसाला न परवडणारे असे. दाराबाहेर जमलेले लोक आतील संगीत ऐकत आणि आतल्या मंडळींच्या त्या ‘उच्च राहणी’वरून त्यांनी या संगीताला हायलाइफ म्हणण्यास सुरुवात केली. म्हणजेच नाव बाहेर उभ्या असलेल्या गरिबांनी दिले आणि ज्या गीतांना ते दिले गेले, त्यांपैकी अनेक गीते मुळात त्याच गरिबांच्या वस्त्यांतून आत गेलेली होती. दाराच्या आतला आणि बाहेरचा समाज यांतील हे अंतर कमी करण्याचे काम पुढे मेन्साच्या वाद्यवृंदाने केले.

जीवन व जडणघडण : मेन्साचा जन्म आक्रा येथे गा जमातीच्या कुटुंबात झाला. त्याच्या वडिलांना गिटारवादनाचा छंद होता. शालेय वयात जो लँप्टी या संगीतप्रेमी शिक्षकाच्या हाताखाली तो बासरीवर्गातील वाद्ये वाजवू लागला. लँप्टीने विद्यार्थ्यांच्या बासरी-ढोल पथकाची वाढ करून त्यातूनच आक्रा ऑर्केस्ट्रा हा नृत्यवृंद उभा केला होता. पुढील पिढीतील अनेक वादक या पथकातून तयार झाले. वादनाची बैठक, स्वरलेखनाचे वाचन आणि संचाची शिस्त मेन्साने येथेच आत्मसात केली. येबुआने १९३०–४० या दशकात आक्रा ऱ्हिद्‌मिक ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यात मेन्सा सॅक्सोफोन वाजवीत असे.

दुसऱ्या महायुद्धाने त्याच्या वादनाला वेगळे वळण दिले. युद्धकाळात ब्रिटिश व अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने आक्रा येथे आले आणि त्यांच्याबरोबर जॅझ संगीतातील ‘स्विंग’ ही शैलीही आली. सैनिकांच्या करमणुकीसाठी छोटे मिश्र संच निघाले. सार्जंट जॅक लेपर्ड या स्कॉटिश सॅक्सोफोनवादकाने गोऱ्या व काळ्या वादकांचा असाच एक संच जमविला. मेन्सा त्यात दाखल झाला. फुंकीवरील नियंत्रण, जिभेचा वापर, स्वराचा कंप आणि अचूक स्वरस्थान या गोष्टींचे रीतसर शिक्षण आपणास लेपर्डकडून मिळाले, असे तो सांगत असे. त्याहूनही महत्त्वाचा धडा संचाच्या आकाराचा होता. वीस-पंचवीस वादकांच्या वृंदाचे काम सात-आठ कुशल वादक करू शकतात आणि लिहिलेल्या स्वरावलीबाहेर जाऊन उत्स्फूर्त वादनालाही अशा संचात वाव मिळतो, हे या काळात त्याच्या ध्यानात आले.

संगीत हे मात्र त्याच्या उदरनिर्वाहाचे एकमेव साधन नव्हते. त्याने औषधनिर्मितीचे शिक्षण घेतले होते. शासकीय सेवेत त्याने औषधनिर्माता म्हणून काम केले आणि नंतर स्वतःचे औषधांचे दुकानही चालविले. दिवसा औषधे आणि रात्री ट्रंपेट असा त्याचा क्रम बराच काळ होता. हायलाइफच्या वैभवाच्या काळातही वादकाला केवळ वादनावर विसंबून राहणे किती कठीण होते, हे यावरून दिसते.

टेंपोज : युद्धकाळात यूरोपीय व स्थानिक वादकांनी मिळून टेंपोज हा संच सुरू केला होता. युद्ध संपताच यूरोपीय वादक मायदेशी परतले आणि तो पूर्णपणे आफ्रिकी झाला. मेन्सा १९४७ मध्ये त्यात आला. त्याच्यासोबत सॅक्सोफोनवादक जो केली व ड्रमवादक गाय वॉरन (पुढे कोफी घनाबा या नावाने प्रसिद्ध, १९२३–२००८) हे होते. वॉरनने १९५० च्या सुमारास लंडन येथे आफ्रो-क्यूबन पद्धतीच्या संचात काम केले. बाँगो, काँगा, मराका यांसारखी क्यूबन तालवाद्ये आणि वेस्ट इंडीजमधील कॅलिप्सो गीतांची गोडी त्याच्यामार्फत टेंपोजमध्ये आली. यांपैकी बाँगो, काँगा ही वाद्ये मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या तालपरंपरेतूनच घडलेली असल्यामुळे त्यांचा हा प्रवेश एका अर्थी घरी परतण्यासारखाच होता. केली व वॉरन बाहेर पडल्यावर संचाचे नेतृत्व मेन्साकडे आले आणि त्याने तरुण वादक घेऊन तो नव्याने बांधला. आक्रा येथील पॅरामाउंट क्लब हे या संचाचे मुख्य केंद्र होते. १९५२ पासून डेक्का या ब्रिटिश कंपनीने त्याच्या ध्वनिमुद्रिका काढण्यास प्रारंभ केला आणि ७८ फेऱ्यांच्या या ध्वनिमुद्रिकांतून त्याचा आवाज किनारपट्टीच्या सर्व शहरांत पोहोचला.

संगीतशैली : टेंपोजच्या संचात ट्रंपेट व सॅक्सोफोन ही प्रमुख सुषिर वाद्ये, गिटार, खर्जातील डबल बास, ड्रम आणि हाताने वाजविण्याची तालवाद्ये असत. हायलाइफची लय मध्यम व चार मात्रांची असते. टिपऱ्यांसारख्या दोन लाकडी दांडक्यांवर अथवा घंटेवर एक छोटा, मात्रांच्या मधोमध पडणाऱ्या आघातांचा आकृतिबंध अखंड चालू राहतो आणि इतर वाद्ये त्याच्या आधाराने परस्परांत गुंफली जातात. जोर सरळ मात्रेवर न पडता तिच्या आगेमागे पडल्यामुळे या लयीला एक विशिष्ट झोका प्राप्त होतो. नर्तक पाय जवळजवळ न उचलता, शरीराला हलके हेलकावे देत नृत्यगृहातून फिरतात. सुषिर वाद्ये प्रथम चाल मांडतात. ती बहुधा दोन समांतर स्वरावलींत, एकीच्या वर तिसऱ्या स्वरावर दुसरी, अशी वाजते. अकान लोकांच्या समूहगायनातही स्वरांची अशी जोडणी आढळते. त्यानंतर गायन, मध्ये ट्रंपेट वा सॅक्सोफोनचे छोटेसे स्वैर वादन आणि शेवटी पुन्हा मूळ चाल, असा साधारण क्रम असतो. जॅझमध्ये स्वैर वादनाला जी दीर्घ मोकळीक असते, ती येथे नाही. श्रोत्याने नाचावे हाच संगीताचा प्रधान हेतू असतो.

मेन्साची गीते गा, ट्वी, फांटी, एवे, हौसा, इंग्रजी इ. भाषांत आहेत. ही बहुभाषिकता त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण ठरली. कोणत्याही एका जमातीचे संगीत असा शिक्का त्याच्या हायलाइफवर बसला नाही. प्रेम, मैत्री, पैशाची चणचण, शहरी जीवनातील गमतीजमती आणि मृत्यूची अटळता असे विषय त्याच्या गीतांत साध्या शब्दांत येतात. ‘ऑल फॉर यू’, ‘डे बाय डे’, ‘न्केबो बाया’, ‘डाँकी कॅलिप्सो’, ‘संडे मिरर’ ही त्याची काही गाजलेली गीते होत. नृत्यवृंदांत स्त्रिया क्वचितच दिसत, त्या काळात जूली ओकीन ही गायिका टेंपोजबरोबर गात असे. स्त्री ही पुरुषाची दासी नव्हे, असा आशय असलेले तिचे गीत विशेष उल्लेखनीय आहे.

पश्चिम आफ्रिकेतील प्रसार : मेन्साने १९५० पासून नायजेरियाचे अनेक दौरे केले. तत्पूर्वी लागोस येथील नृत्यवृंद मुख्यतः स्विंग व यूरोपीय नृत्यप्रकार वाजवीत. टेंपोजच्या कार्यक्रमांना मिळालेला प्रतिसाद पाहून बॉबी बेन्सनसारख्या प्रस्थापित वृंदनायकानेही हायलाइफकडे मोर्चा वळविला. व्हिक्टर ओलाया, एडी ओकोंटा, रेक्स लॉसन इ. नायजेरियन कलावंत हे या लाटेतून पुढे आले. ओलायाच्या संचात उमेदवारी केलेल्यांपैकी फेला कुटी याने पुढे हायलाइफ, जॅझ आणि अमेरिकन फंक यांच्या मिश्रणातून ‘आफ्रोबीट’ ही शैली घडविली. मेन्साने सिएरा लिओन, लायबीरिया, गिनी आणि आयव्हरी कोस्ट येथेही कार्यक्रम केले. स्वदेशात टेंपोजमधून फुटून रेड स्पॉट्स, ऱ्हिदम एसेस यांसारखे संच निघाले. किंग ब्रूसचा ब्लॅक बीट्स (१९५२) आणि जेरी हॅन्सनचा रॅम्ब्लर्स (स्थापना १९६२) यांनी टेंपोजने घालून दिलेला नमुना पुढे नेला. गिटारवृंदांची परंपरा ई. के. न्यामे याने याच काळात संगीतनाटकाशी जोडून खेडोपाडी पोहोचविली. नृत्यवृंद शहरांत आणि गिटारवृंद ग्रामीण भागात, अशी हायलाइफची विभागणी साधारणतः या सुमारास स्थिर झाली.

विख्यात अमेरिकन ट्रंपेटवादक लूई आर्मस्ट्राँग हा मे १९५६ मध्ये आपल्या संचासह आक्रा येथे आला. विमानतळावर स्थानिक वादकांनी ‘ऑल फॉर यू’ वाजवून त्याचे स्वागत केले. या गीताची चाल वेस्ट इंडीजमधील एका जुन्या कॅलिप्सोशी मिळतीजुळती असल्यामुळे पाहुण्या वादकांना ती अपरिचित वाटली नाही. पुढे पॅरामाउंट क्लबमध्ये आर्मस्ट्राँग व मेन्सा यांनी एकत्र वादन केले. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील कृष्णवर्णीयांच्या संगीताचे नाते या प्रसंगातून प्रत्यक्ष दिसून आले.

स्वातंत्र्य व संगीत : गोल्ड कोस्ट ६ मार्च १९५७ रोजी घाना या नावाने स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी वसाहतींत या प्रक्रियेत तो अग्रेसर होता. क्वामे एन्क्रुमाच्या पक्षाच्या सभा-मेळाव्यांना हायलाइफची साथ असे. स्वातंत्र्यानंतर शासनाने या संगीताला राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली आणि सरकारी आश्रयाखाली नवे वाद्यवृंदही उभे केले. मेन्साचे ‘घाना फ्रीडम’ हे गीत स्वातंत्र्यसोहळ्याची खूण बनले. या आश्रयाची दुसरी बाजूही त्याच गीताच्या संदर्भात दिसून आली. मूळ गीतात एन्क्रुमाबरोबर डांक्वा व बुसिया या विरोधी नेत्यांचीही नावे गुंफलेली होती. त्याला आक्षेप घेतला गेल्याने ती नावे वगळून गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. मेन्सा हा पक्षीय राजकारणातील माणूस नव्हता. स्वातंत्र्यासाठी झटलेल्या सर्वांचा उल्लेख करणे त्याला स्वाभाविक वाटले असावे. परंतु राष्ट्राचे गीत आणि सत्तेचे गीत यांतील फरक नवस्वतंत्र देशात किती लवकर पुसला जाऊ शकतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे. घाना, गिनी व माली या तीन राष्ट्रांच्या संघाचा गौरव करणारे त्याचे गीतही प्रसिद्ध आहे. तो संघ अल्पजीवी ठरला. गीत मात्र आफ्रिकी ऐक्याच्या त्या स्वप्नाची आठवण म्हणून टिकून राहिले.

ऱ्हास व पुनर्मूल्यन : एन्क्रुमाची राजवट २४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्करी उठावाने संपुष्टात आली. त्यानंतरच्या दोन दशकांत देशाची अर्थव्यवस्था खालावत गेली. अमेरिकन सोल व रॉक संगीताने तरुण श्रोता ओढून घेतला. नायजेरियात १९६७–७० च्या यादवी युद्धामुळे अनेक ईग्बो वादक लागोस सोडून गेले आणि तेथील नृत्यगृहांत योरुबा लोकांच्या जुजू संगीताने हायलाइफची जागा घेतली. घानामध्ये १९८२ पासून सुमारे दोन वर्षे रात्रीची संचारबंदी होती. ज्या संगीताचे जीवनच रात्रीच्या नृत्यगृहांवर अवलंबून होते, त्यास हा मोठा आघात ठरला. वाद्यांवरील जबर आयातकर आणि ध्वनिमुद्रिकांच्या उत्पादनातील अडचणी यांची त्यात भर पडली. अनेक वादकांनी देश सोडला. जर्मनीत स्थायिक झालेल्या घानाच्या कलावंतांनी इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा वापर करून ‘बर्गर हायलाइफ’ हा प्रकार रूढ केला. जॉर्ज डार्कोचे १९८३ मधील गीत हे त्याचे आरंभीचे यश होय.

मेन्साही या काळात बराचसा औषधांच्या व्यवसायाकडे परतला होता. तथापि त्याने संगीत सोडले नाही. व्हिक्टर ओलायाबरोबर केलेली त्याची ध्वनिमुद्रिका १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीस वर्षांपूर्वी ज्याच्या दौऱ्यांतून प्रेरणा घेतली, त्या ज्येष्ठ कलावंताशी नायजेरियन वृंदनायकाचा हा सहयोग अर्थपूर्ण होता. १९८६ हे वर्ष मेन्साच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. संगीतसंशोधक जॉन कॉलिन्स याने लिहिलेले त्याचे चरित्र या वर्षी प्रसिद्ध झाले आणि रेट्रोआफ्रिक या लंडनमधील संस्थेने त्याच्या १९५०–६० या दशकातील निवडक गीतांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसृत केली. घाना विद्यापीठाने १९८९ मध्ये त्यास सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळल्याने त्याचे वादन थांबले. आक्रा येथे त्याचे निधन झाले.

वारसा : मेन्साच्या मृत्यूपूर्वीच, १९९० नंतरच्या दशकात, हायलाइफच्या चाली आणि अमेरिकन रॅप यांच्या संयोगातून ‘हिपलाइफ’ हा प्रकार घानातील तरुणांत रुजला होता. एकविसाव्या शतकात जगभर पोहोचलेल्या पश्चिम आफ्रिकी नृत्यगीतांतही हायलाइफचा लयबंध व गिटारची वळणे ओळखू येतात. लंडनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या ओसिबिसा या प्रसिद्ध संचाच्या घानामधील संस्थापकांची जडणघडणही हायलाइफ वृंदांतच झाली होती. मेन्साच्या ध्वनिमुद्रणांचा चार तबकड्यांचा संग्रह २०१५ मध्ये निघाल्यामुळे त्याच्या कार्याचा एकत्रित अभ्यास करणे शक्य झाले आहे.

लोकप्रिय संगीताचा इतिहास जपणे सोपे नसते. राजदरबार, धर्मसंस्था वा गुरुपरंपरा यांचा आधार त्याला नसतो. ठिसूळ तबकड्या, जुनी छायाचित्रे आणि वृद्ध वादकांच्या आठवणी यांवरच तो अवलंबून राहतो. घानातील अशा साधनांच्या जतनासाठी कॉलिन्सने १९९० मध्ये आक्रा येथे एक अभिलेखागार स्थापन केले. २०११ च्या पुरात त्याचीही हानी झाली. मेन्साची अनेक गीते आज ऐकता येतात ती काही व्यक्तींच्या चिकाटीमुळे. त्याच्या समकालीन वादकांपैकी कित्येकांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

हायलाइफ कोणा एकाची निर्मिती नसून ते पश्चिम आफ्रिकेच्या संस्कृतीत पूर्वापार होतेच, आपण केवळ त्यास जगाची मान्यता मिळवून दिली, अशा आशयाचे उद्गार मेन्साने काढले आहेत. त्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना हेच सूत्र उपयोगी पडते. आक्रा येथील क्लबच्या दाराबाहेर उभे राहून ज्यांनी या संगीताला नाव दिले, त्यांची लय, त्यांच्या भाषा आणि त्यांचे विषय त्याने दाराच्या आत नेले. आणि एकदा ते आत आल्यावर वसाहतीच्या काळातील ते दार पूर्वीसारखे बंद राहू शकले नाही.